मापात पाप? छे, मापात हवा!

कपभर साखरेत जास्त काय असतं, साखर की हवा?

हसू नका. कप काठोकाठ भरलाय, वरून पट्टी फिरवून सपाट केलाय, मग त्यात हवा शिरेलच कशी, असं कुणालाही वाटेल. पण बिस्किटांच्या एखाद्या इंग्रजी कृतीत ‘एक कप ब्राऊन शुगर, दाबून भरलेली’ असं वाचलंय का तुम्ही? मैद्यापुढे ‘दाबून’ लिहिलेलं नसतं. पांढऱ्या साखरेपुढेही नसतं. मग या तपकिरी साखरेनंच कुणाचं काय घोडं मारलंय, की तिला तेवढी दाबायची?

हे कोडं सोडवायला लागणारं सगळं सामान पुण्याच्या बुधवार पेठेत मिळतं. तुळशीबाग याच पेठेत आहे. मध्ये नारो आप्पाजी खिरे यांनी पेशव्यांच्या काळात बांधायला घेतलेलं राममंदिर आणि भोवती भांडी, बांगड्या, क्लिपा नि भातुकलीची दुकानं. पितळेचा बोटभर तांब्या, रुपयाएवढं ताट, फुंकर मारली तर उडेल असं उलथनं! ही भातुकली पाहायला म्हणून मोठी माणसंही थांबतात आणि ‘मुलांसाठी बघतोय’ म्हणतात. तिथल्याच भांड्यांच्या दुकानांत हल्ली एका कडीत ओवलेले मापाचे कपही मिळतात. पाव, एक तृतीयांश, अर्धा आणि पूर्ण.

पूर्ण म्हणजे किती, हे मात्र विचारून घ्या. कारण कप हे माप देशोदेशी बदलतं. अमेरिकेतला कप साधारण २३७ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियातला २५०चा, जपानमधला २००चा. आणि पुण्यातल्या अमृततुल्यातला कप? त्यातला चहा दोन घोटांत संपतो. त्या कपानं केक मोजला तर तो मुंगीच्या वाढदिवसाला पुरेल.

आपला कप केवढा हे घरच्या घरी कळतं. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, त्यावर रिकामा कप ठेवा, काटा शून्यावर आणा आणि कपात काठोकाठ पाणी भरा. एक मिलिलिटर पाणी म्हणजे जवळजवळ एक ग्रॅम. काट्यावर २५० दिसले तर कप २५० मिलिलिटरचा. काट्यावरच भरवसा नसेल तर औषधाची १० मिलिलिटरची सिरिंज आणा, न टोचायची हं, आणि मोजून दहा वेळा पाणी घाला. काट्यानं शंभराच्या आसपास आकडा दाखवला की तो शहाणा आहे असं समजायचं.

आता पाणी पुसून टाका आणि त्याच कपात साखर भरा.

अमेरिकी कपानं मोजलं तर पांढरी साखर भरते २०० ग्रॅमच्या आसपास. तपकिरी साखर चमच्यानं हलकेच, न दाबता भरली तर साधारण १४५ ग्रॅम. तीच दाबून भरली की २२०! कप तोच, साखर तीच, काठ तोच आणि वजनात पाऊणशे ग्रॅमचा फरक. म्हणजे दाबायचं विसरलात तर बिस्किटांतली एक तृतीयांश साखर गायबच झाली म्हणा ना. दुकानदारानं असं केलं असतं तर आपण ‘मापात पाप’ म्हणून भांडलो असतो. पण इथे भांडायचं कुणाशी?

आता सुरुवातीचा प्रश्न घ्या. साखरेचा एक अखंड ठोकळा केला, आत जराही फट नसलेला, तर त्याच्या एका मिलिलिटरचं वजन जवळजवळ १.५९ ग्रॅम भरतं. अमेरिकी कपाएवढा ठोकळा म्हणजे साधारण ३७५ ग्रॅम. आपण भरली फक्त २०० ग्रॅम. म्हणजे पांढऱ्या साखरेच्या कपात शंभरातले ५३ भाग साखर आणि ४७ भाग हवा. साखर जिंकली, पण काठावर पास. न दाबलेल्या तपकिरी साखरेत मात्र ३९ भाग साखर आणि तब्बल ६१ भाग हवा. आपण इतके दिवस हवेचाच केक करत होतो की!

विश्वास बसत नाही? मग एक प्रयोग करा. औषधाच्या बाटलीबरोबर खुणा असलेलं छोटं प्लॅस्टिकचं भांडं मिळतं, तसं काहीतरी घ्या. त्यात २० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत पांढरी साखर भरा. आता सिरिंजनं गोडं तेल थेंब थेंब सोडा. पाणी नको, पाण्यात साखर विरघळेल आणि सगळा हिशोबच बुडेल. तेलात ती विरघळत नाही. तेल दाण्यांमधून झिरपत खाली जाईल आणि हवेचे बुडबुडे वर येतील. जवळजवळ ९ मिलिलिटर तेल आत गेलं तरी पातळी २०च्या वर चढणार नाही. भरलेल्या भांड्यात एवढं तेल मावलं, म्हणजे तिथे आधी हवाच होती ना? उरलेलं तेल-साखरेचं मिश्रण फेकू नका. शंकरपाळ्यांच्या पिठात ते खुशाल जातं, आणि आधी ही गोष्ट सांगून ठेवलीत तर बोलणीही बसत नाहीत.

ही फट बुजवता का येत नाही, याचा विचार फार मोठ्या माणसांनी केलाय. तुळशीबागेतून बाहेर पडून मंडईकडे गेलात की फळवाल्यांनी संत्री, मोसंबी रचून ठेवलेली दिसतात. खालच्या थरातल्या तीन-चार फळांच्या मधल्या खोलगट जागेत वरचं फळ बसवायचं, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. योहानेस केप्लर या खगोलशास्त्रज्ञानं १६११ साली म्हटलं की एकसारखे गोळे रचायची याहून दाट पद्धत असूच शकत नाही. या रचनेत शंभरातली ७४ भाग जागा गोळ्यांनी भरते, उरलेली मोकळी राहते. म्हणणं सोपं होतं. सिद्ध करायला मात्र जवळजवळ चारशे वर्षं लागली. थॉमस हेल्स या गणितज्ञानं १९९८ साली संगणकाच्या मदतीनं सिद्धता मांडली आणि ती इतकी लांबलचक होती की ती तपासून खात्री करायलाच पुढे कितीतरी वर्षं गेली. मंडईतल्या फळवाल्याला यातलं काही कळवलं असतं तर तो म्हणाला असता, “मग? दुसरं कसं रचणार?”

गोळे रचायचे नाहीत, नुसते डब्यात ओतून हलवायचे, तर ते साधारण ६४ भागांपर्यंतच जागा भरतात. साखरेचे दाणे तर गोलही नाहीत. त्यांना कोपरे आहेत, कडा आहेत, आणि आपण त्यांना फारसं हलवलेलंही नाही. म्हणून ते ५३वरच थांबले.

तपकिरी साखर तर ३९वरच अडकली. ती इतकी आळशी का?

त्यासाठी ती बनते कशी ते पाहावं लागेल. उसाचा रस उकळून आटवला की त्यात साखरेचे स्फटिक तयार होतात आणि भोवती गडद, दाट, चिकट पाक उरतो. हे मिश्रण साखर कारखान्यात जाळीदार पिंपात घालून गरागरा फिरवतात. पाक जाळीतून बाहेर फेकला जातो, दाणे आत राहतात. हा पाक पुन्हा पुन्हा उकळून त्यातली निघेल तेवढी साखर काढून घेतली की शेवटी जी काळपट चिकट गोष्ट उरते, ती मळी. बाजारातली तपकिरी साखर करताना गंमत अशी करतात की पुष्कळदा पांढऱ्या साखरेलाच खाण्याजोगी शुद्ध मळी पुन्हा चोळतात. आधी काढायची, मग घालायची! फिकट साखरेत ती साधारण साडेतीन टक्के असते, गडद साखरेत साडेसहाच्या आसपास. गुळाचं तसं नाही. गुळातून हा पाक वेगळा काढलेला नसतो, रसच आटवून घट्ट केलेला असतो.

एवढीशी मळी, पण सगळी करामत तिचीच. प्रत्येक दाण्यावर तिचा पातळ ओलसर थर असतो. दोन दाणे एकमेकांना टेकले की टेकलेल्या जागी या ओलाव्याचा इवलासा पूल तयार होतो आणि तो दोघांना धरून ठेवतो. तुम्ही दिवाळीत किल्ला करता ना, तेव्हा हेच घडतं. कोरडी माती ओतली तर ती घसरत सपाट होते, थोडं पाणी शिंपडलं की तिचा बुरूज उभा राहतो, आणि जास्त पाणी झालं तर चिखल होऊन शिवाजीमहाराजांसकट सगळं खाली येतं. पांढऱ्या साखरेचा दाणा कोरडा असतो. तो कपात पडला की घरंगळत एखाद्या फटीत जाऊन बसतो. तपकिरी दाणा मात्र जिथे पडला तिथेच चिकटतो. मग त्याच्यावर दुसरा, त्याच्यावर तिसरा. आत कमानी उभ्या राहतात, कमानींखाली पोकळ्या राहतात आणि त्या पोकळ्यांत हवा. आपण चमच्यानं दाबतो तेव्हा हे ओले पूल मोडतात, कमानी कोसळतात आणि दाणे एकमेकांच्या जवळ जाऊन बसतात. मघाचे ते पाऊणशे ग्रॅम अशा कमानींच्या पडझडीतून आले.

मग किती दाबायचं? कृती लिहिणारे एक खूण सांगतात. साखर चमच्यानं कपात भरायची, चमच्याच्या पाठीनं दाबायची, वरून सुरीची सपाट बाजू फिरवायची आणि कप उपडा करायचा. कपाच्या आकाराची मूद पडली पाहिजे. मूद ढासळली तर दाबणं कमी पडलं. ठोकूनही निघत नसेल तर जरा जास्तच जोर झाला. खूण चांगली आहे. पण तुमचा दाब, ताईचा दाब आणि तालमीत जाणाऱ्या दादाचा दाब सारखा कसा असेल? माझं मत विचाराल तर या दाबादाबीत पडूच नये. एक कप दाबून म्हणजे २२० ग्रॅम धरावेत, सरळ काट्यावर मोजावेत आणि मोकळं व्हावं. हवेला वजन असतं, पण कपातल्या हवेचं वजन पाव ग्रॅमसुद्धा नाही, त्यामुळे काट्याला फसवणं तिला जमत नाही.

पाऊणशे ग्रॅम कमी पडले तर बिघडतं काय? साखर बिस्किटांत फक्त गोडी आणत नाही. भट्टीत ती विरघळून पातळ होते, त्यामुळे बिस्कीट पसरतं. ती पाणी धरून ठेवते, त्यामुळे ते मऊ राहतं. मळीत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतात, ती पाणी धरण्यात आणखी पटाईत. शिवाय मळी किंचित आंबट असते. खायच्या सोड्याला आंबट मिळालं की कार्बन डायऑक्साईड सुटतो आणि पीठ फुलतं. साखर कमी पडली तर बिस्किटं फिकी, कोरडी आणि ढेकळासारखी गोळाच राहतात. तरी संपतात म्हणा, पण कुणी दुसऱ्यांदा मागत नाही.

मापाची ही भानगड फार जुनी आहे. आपल्याकडे धान्य वजनानं नाही, मापानंच मोजायचे. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे एक पायली. तुमच्या गावाकडच्या घरात अजूनही एखादं मापटं असेल. आता मापटं सपाट भरायचं की वर शीग लावून? शीग लावली तर केवढी? उंचावरून ओतलं तर धान्य दाट बसतं, मापटं आपटलं तर आणखी बसतं. घेणारा आपटायला सांगणार, देणारा हलकेच ओतणार. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजनमापांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला पौतवाध्यक्ष म्हटलंय. माप कशाचं बनवावं, त्यावर शीग केवढी धरावी, दर चार महिन्यांनी मापं कशी तपासावीत, हेसुद्धा तिथे लिहून ठेवलंय. एवढे नियम करावे लागले, म्हणजे लबाडीही तेवढीच होत असणार!

अमेरिकेतही सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी ‘अक्रोडाएवढं लोणी’ असली मापं चालायची. आपली लिंबाएवढी चिंच आणि सुपारीएवढा गूळ त्याच घराण्यातले. बॉस्टनच्या फॅनी फार्मर या पाककलाशिक्षिकेनं १८९६ साली पाकपुस्तक काढलं आणि कप किंवा चमचा काठाबरोबर सपाट भरूनच मोजायचा असा आग्रह धरला. आपल्याकडे १९७० साली कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ आलं. त्यात मापं होती वाटी-चमच्यांची, जी प्रत्येक घरात असतात. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत ते आजही मिळतं.

वाटीची एक युक्ती मात्र भलती हुशार आहे. शंकरपाळ्यांना वाटीभर दूध, वाटीभर साखर, वाटीभर तूप आणि मावेल तेवढा मैदा. वाटी कुणाची, केवढी, याला काही महत्त्वच नाही! सगळं एकाच वाटीनं मोजलं की प्रमाण राहतं. परदेशी कृतीत ‘एक कप साखर आणि दोन अंडी’ आलं की ही युक्ती फसते. वाटी लहान झाली म्हणून अंडं काही लहान होत नाही.

बुधवार पेठेत वजनाच्या कामात मुरलेले लोकही आहेत. ज्यांच्या नावानं इथला गणपती जगभर ओळखला जातो, ते दगडूशेठ स्वतः मिठाईचे व्यापारी होते. मिठाईवाल्याला पेढे कपानं विकून कसं चालेल? तिथे काटाच हवा. जुन्या तराजूवर तूप किंवा तेल मोजायचं तर आधी रिकाम्या भांड्याचा धडा करत. एका पारड्यात भांडं, दुसऱ्यात त्याच्या तोलाचे खडे, आणि मग खरी वजनं. डिजिटल काट्यावर शून्याचं बटण दाबता तेव्हा तुम्हीही धडाच करत असता. मिठाई घेताना दुकानदारानं रिकामा खोका ठेवून काटा शून्यावर आणला की नाही, तेवढं बघत जा. खोक्याचा पुठ्ठा पेढ्याच्या भावानं कशाला घ्यायचा?

काट्याच्या आत असते एक ॲल्युमिनियमची छोटी पट्टी. वर साखर ठेवली की पट्टी वाकते, इतकी थोडी की डोळ्यांना दिसणारच नाही. तिच्यावर अतिशय पातळ धातूची नागमोडी तार चिकटवलेली असते. पट्टी वाकली की तार ताणली जाते, ताणलेल्या तारेतून वीज जरा अवघड जाते, आणि तेवढ्या फरकावरून आतली चिप ग्रॅम सांगते. चिपा, तारा, सर्किटं हाताळायची हौस असेल तर पेठेतली तापकीर गल्ली विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक सामानानं भरलेली आहे. फक्त घरचा काटा उघडायच्या आधी तो कुणाचा आहे हे लक्षात घ्या.

ग्रॅम तरी कुणी ठरवला? भारतात १९५८च्या ऑक्टोबरपासून शेर जाऊन किलो यायला लागला. आपल्या किलोचा आदर्श होता दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतला प्लॅटिनम-इरिडियमचा लहानसा दंडगोल, क्रमांक ५७. पॅरिसजवळ ठेवलेल्या मूळ किलोचा तो भाऊ. २० मे २०१९पासून मात्र किलो धातूच्या तुकड्यावर नाही, निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या आकड्यावर, प्लांकच्या स्थिरांकावर ठरतो. पुण्यातले लोक अजूनही पावशेर चिवडाच मागतात. ८० तोळ्यांच्या शेराचा पावशेर २३३ ग्रॅमचा होता, आता मिळतो २५०. फायदाच झाला की.

एक अडचण राहिली. पुण्याच्या कोरड्या मार्च-एप्रिलमध्ये तपकिरी साखरेचा दगड होतो. ओलाव्याचे पूल वाळतात आणि त्यात विरघळलेली साखर स्फटिक होऊन दाण्यांना सांधून टाकते. अशी ढेकळं कपानं मोजायच्या फंदात पडूच नका. घट्ट झाकणाच्या डब्यात साखरेबरोबर पावाचा एक काप रात्रभर ठेवा. पावातला ओलावा साखरेत जातो. सकाळी साखर मऊ झालेली असते आणि पाव कडक.

आता गुळाचं काम तुमच्याकडे. वाटीभर डाळीला वाटीभर गूळ घालून पुरण करतात, पण तो गूळ चिरलेला, किसलेला की पावडर? एकच वाटी घ्या, तिन्ही प्रकारांनी सपाट भरा, वजनं लिहून काढा. घरात जो कोणी पुरण करतो तो गूळ वाटीत भरताना अंगठ्यानं दाबतो का, तेही बघा आणि दाबलेल्या वाटीचंही वजन करा. फक्त हे सगळं डाळ शिजत असतानाच उरका. पुरण चटके द्यायला लागलं की तुमचे आकडे कुणीही ऐकून घेणार नाही.